गवताचं भाडं

मागे आवाज येतोय ना? बरं. बोर्डावर विषय लिहिलाय तो असा की अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला जमीन न पेरायचे पैसे देतं, ते जातात कुणाच्या खिशात. त्यावर येतोच, पण आधी माझं दुखणं ऐका.

मी पश्चिम कॅन्ससात तीन वर्षं होतो, एका आजींच्या फार्महाऊसच्या मागच्या दोन खोल्यांत. दारासमोर १६० एकर नुसतं गवत. १६०! आमच्या अख्ख्या वाडीचे सातबारे जोडले तरी एवढी भरायची नाही. मी खटावचा, पडीक रान दिसलं की पोटात कालवतं, वाटलं म्हातारीला एकटीला झेपत नसेल. तर जूनमध्ये आजी लेकीकडे गेल्यात असं बघून शेजाऱ्याकडनं ट्रॅक्टर आणि मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, मागून आणला आणि दोन दिवसांत पंधरा एकर भादरलं. आईला फोटो पाठवले. आई म्हणाली, इथं कधी विळा धरला नाहीस तो? हसा, हसा.

आजी आल्या आणि ओट्यावरच बसल्या. अहो, ते गवत पडीक नव्हतंच, मुद्दाम पेरलेलं होतं, त्याला निम्मा खर्च सरकारने दिलेला आणि वर दरवर्षी भाडं! कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, सगळे सीआरपी म्हणतात. १० ते १५ वर्षांचा करार, आणि तिकडे एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाखरं जमिनीवर घरटी करतात म्हणून कापायला बंदी. मग पत्र आलं, ऑफिसच्या तीन खेपा झाल्या. साहेब म्हणाला, परवानगी घेतली होती का? मी म्हटलं, गवताची? तो हसला नाही. भाड्यातून रक्कम कापली गेली. मी भरतो म्हटलं तर आजी नको नको म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यापासून माझं घरभाडं तेवढ्याच हिशोबाने वाढवलं.

आता हे सगळं का, तर त्या भागाने धूळ खाल्लीय. १४ एप्रिल १९३५, रविवार, भरदुपारी काळ्या मातीची भिंत चालून आली, हाताला हात दिसेना. त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा झाला. सीआरपी बरंच नंतरचं, १९८५ च्या फार्म बिलातलं, म्हणजे तिथल्या शेतीच्या मोठ्या कायद्यातलं, धुपणारी जमीन नांगराखालून काढायची म्हणून. त्यात गंमत अशी की...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. असू दे.

तर पटापट सांगतो. भाडं वर्षाला माणशी ५०,००० डॉलरपर्यंत, साध्या नोंदणीत दर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सरासरी खंडाच्या ८५ टक्क्यांवर जात नाही, २०१८ पासूनचा नियम. पण त्याच्या आधीपासूनच, धान्याला भाव आला की लोक गवत मोडून पेरतात: २००७ मध्ये साडेतीन कोटी एकरांवर होतं, २०१५ पर्यंत अडीच कोटींच्या खाली आलं. म्हणजे माती राखायची का नाही ते बाजार ठरवतो, हा माझा पहिला मुद्दा.

दुसरा, चेक बहुतेक वेळा जातो तो मालकाला, मग तो शहरात बसलेला का असेना. कसणाऱ्याला नियमात वाटा आहे, पण रोख खंडाने कसत असेल तर खंड संपला की त्याचं काय राहिलं? आणि रान गवतात गेलं की बियाणंवाला, खतवाला, डिझेलवाला, धान्याचं कोठार, सगळ्यांचा धंदा बसतो, म्हणून तर काउंटीच्या पिकाऊ जमिनीच्या २५ टक्क्यांवर शक्यतो जायचं नाही अशी मर्यादा घातलीय. गावाला भाडं कोण देतं, कुणीच नाही.

आजींचं ते रान आधी कोण कसायचं माहितीय? ज्याच्याकडनं मी मोवर आणला तोच. गवत आलं आणि त्याची १६० एकर गेली, मग तो ट्रक चालवायला लागला. मोवरची किल्ली देताना एवढंच म्हणाला, डिझेल भरून परत आण. त्याला नियम माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.