धम्मगिरी: दहा दिवसांचं मौन

(दृश्य: कसारा घाट, ढगांत गेलेले डोंगर, इगतपुरी स्टेशन)

घाट चढून गाडी इगतपुरीला थांबते. पाठीवर सॅक घेतलेली काही माणसं इथे उतरतात आणि डोंगराच्या पायथ्याकडे निघतात. सोनेरी पॅगोडा दुरूनच दिसायला लागतो. हे धम्मगिरी. इथलं विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झालं. विपश्यना ही ध्यानाची एक पद्धत.

(दृश्य: नोंदणीचं टेबल, मोबाइल जमा होताना)

आज दहा दिवसांच्या शिबिराचा शून्य दिवस, म्हणजे येऊन नोंदणी करण्याचा दिवस. अर्ज तपासले जातायत, खोल्यांचे नंबर मिळतायत. मोबाइल बंद करून पिशवीत, पिशवीला चिठ्ठी. पुस्तकं, वही, पेन, जपमाळ, ताईत, सगळंच इथे ठेवायचं. या काकांकडे बघा. फोन त्यांनी झटकन दिला, पेन मात्र खिशातून निघायला वेळ लागला.

आत्ता इथे नुसता कलकलाट आहे. कुठून आलात, पहिलंच शिबिर का, मांडी घालून बसायला जमतं का. रात्रीच्या पहिल्या बैठकीपासून हे सगळं थांबेल. आर्य मौन सुरू होईल. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, चिठ्ठी नाही. नवरा-बायको एकत्र आले असले, तरी राहणं, जेवणं, फिरणं वेगवेगळ्या भागांत.

घरच्यांना वाटतं, दहा दिवस आपल्या माणसाला कुणी विचारणार नाही. तसं अजिबात नाही. खोलीत पाणी येत नाही, पोट बिघडलंय, अशा कामासाठी धम्मसेवकांशी, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्यांशी, हळू आवाजात बोलता येतं. साधनेबद्दल काही विचारायचं असेल, तर दुपारी १२ ते १ शिबिर चालवणारे सहायक आचार्य भेटतात. मौन पाळायचं ते साधकांनी एकमेकांशी.

(दृश्य: अंधार, कंदिलासारखा पिवळा दिवा, घंटा)

पहाटे ४. मोठी घंटा होते. थोड्या वेळाने सेवक हातातली छोटी घंटा वाजवत खोल्यांच्या रांगेवरून जातो. एकेका खिडकीत दिवा लागतो. साडेचारला साधना सुरू, साडेसहाला नाश्ता. मग ११ च्या जेवणापर्यंत बैठका, दुपारी १ ते ५ पुन्हा बैठका. ५ ला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. त्यानंतर रात्री खायला काही नाही. ६ ते ७ सामूहिक साधना, मग हे केंद्र उभं करणाऱ्या सत्यनारायण गोयंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसाचे जवळजवळ दहा तास बसून जातात. नव्या माणसाला हे वेळापत्रक छातीत धडकी भरवतं, ते खरंच आहे. पण भूक चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या अंगवळणी पडते. पाठ आणि गुडघे काही इतक्या लवकर ऐकत नाहीत.

(दृश्य: धम्म हॉलचं दार, बाहेर चपलांच्या रांगा)

हॉलचं दार बंद झालं, की कॅमेरा बाहेरच थांबतो. शिबिर चालू असताना आत चित्रीकरण नाही. म्हणून आत काय चालतं, ते शब्दांतच सांगायला हवं.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकाने येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. मंत्र नाही, डोळ्यांपुढे मूर्ती आणायची नाही. हळूहळू लक्ष आणखी लहान जागेवर आणायचं: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर. तिथे श्वासाचा स्पर्श कळतो का, गार लागतो की कोमट, उजवीकडून येतो की डावीकडून, एवढंच काम. दोन श्वास होतात न होतात तोच मन ऑफिसात, भांडणात, जुन्या लग्नाच्या जेवणावळीत. परत आणायचं. स्वतःवर न चिडता परत आणायचं. पहिल्या तीन दिवसांत याच्यापलीकडे काहीही शिकवत नाहीत, आणि पुढची सगळी इमारत याच पायावर उभी आहे. तिसऱ्या दिवशी 'मला कळलं सगळं, निघतो आता' म्हणणाऱ्याला विपश्यना अजून दिलेलीच नसते.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो, रंगून)

हे शिक्षण इथे कसं पोहोचलं? गोयंका गुरुजींचा जन्म १९२४ चा, म्यानमारमधल्या मंडालेचा. मारवाडी व्यापारी घराणं, घरात कट्टर हिंदू वातावरण. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता. वेदना शमवायला मॉर्फिन घ्यावं लागायचं. परदेशातल्या डॉक्टरांनाही दाखवून झालं, पण गुण नाही. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबाचं सर्वांत मोठं पद सांभाळणारे गृहस्थ. नोकरी करत असतानाच ते साधना शिकवायचे. डोकेदुखी बरी करायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी गोयंकांना स्वच्छ सांगितलं. मन निर्मळ करायला या, आजाराचं काय व्हायचं ते त्यातून होईल.

गोयंका त्यांच्याकडे १४ वर्षं शिकले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत एका धर्मशाळेत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. पहिल्या साधकांत त्यांचे आई-वडीलही होते. सात वर्षांनी धम्मगिरी उभं राहिलं. त्यांचं निधन २०१३ साली झालं, पण शिबिरात शिकवणारा आवाज आजही त्यांचाच आहे.

(दृश्य: पॅगोडा, आतला गोल मार्ग, शून्यागारांची बंद दारं)

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. आता लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं. खाज, ऊब, ठणका, मुंग्या, जे असेल ते बघायचं. सुखद वाटलं तर ते धरून ठेवायचं नाही, दुखलं तर ते झटकायचं नाही. याच टप्प्यावर अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. दिवसातून तीनदा, एक-एक तास, हात-पाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला गुडघ्यात सुरी फिरतेय असं वाटतं. मग तोच ठणका कधी पसरतो, कधी तुटक होतो, कधी क्षणभर नाहीसाच होतो. दुखणं बदलतंय, हे पुस्तकात वाचलेलं नाही, आपल्याच गुडघ्यात कळलेलं असतं. इतके नियम, इतकं मौन, ही पहाटेची घंटा, सगळं या एका गोष्टीसाठी मांडलेलं आहे.

पॅगोड्यातली ही लहान लहान शून्यागारं एकट्याने बसण्यासाठी. आत एका माणसापुरती जागा.

काही जण मधेच सोडून जातात. काहींना मानसिक त्रास झाल्याचंही घडलं आहे, म्हणून मानसिक आजार किंवा त्याची औषधं चालू असतील, तर अर्जात लपवू नका.

(दृश्य: दहावा दिवस, झाडाखाली माणसं)

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं अशी इच्छा करण्याची, साधना होते आणि आर्य मौन सुटतं. बघा हे चेहरे. इथे आम्ही काही बोलणार नाही.

(दृश्य: आवाज फक्त माणसांचा, पंधरा सेकंद)

शेजारच्या आसनावर इतके दिवस बसलेल्या माणसाचं नाव आता कळतंय.

(दृश्य: दानाचं टेबल, वाढणारे सेवक)

राहण्याचे, जेवणाचे, शिकवण्याचे पैसे इथे घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्या कुणीतरी दिलेल्या दानातून तुमचे दहा दिवस पार पडलेले असतात. शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान स्वीकारलं जातं, तेही त्याच्या इच्छेनुसार. कुणी दिलं नाही, तरी त्याला कुणी विचारत नाही. पैशाच्या जोरावर कुणालाही आत घेता येत नाही आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला बाहेर ठेवता येत नाही. आपल्या आजूबाजूला किती ठिकाणी हे असं चालतं, याचा विचार करावा.

पहाटे घंटा वाजवणारा, ताटात वाढणारा सेवकही जुना साधकच. मोबदला न घेता तो पूर्ण शिबिरभर थांबतो.

अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपतं. खोली झाडून, स्वच्छ करून द्यायची. घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं सांगून साधकांना निरोप देतात. सेवेचा अर्ज पहिलं शिबिर पूर्ण केल्यावर भरता येतो. आज सॅक उचलून स्टेशनकडे निघालेल्या यांच्यापैकी दोघांनी तो भरला आहे.