मी कुठे गेलो?

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांच्या लेकी-जावई, मुलं-सुना अमेरिकेत आहेत आणि जे यंदा ऑक्टोबरात नातवंडांकडे निघालेत, त्यांच्याशी आज मुख्यतः बोलायचं आहे. विषय आहे हॅलोवीनचा पोशाख. तोही दोन-तीन वर्षांच्या मुलांचा, ज्यांचं सकाळी एक ठरतं आणि दुपारी दुसरंच.

३१ ऑक्टोबरला तिकडे मुलं सोंगं घेऊन घरोघर जातात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि चॉकलेटं गोळा करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मूळ आयर्लंडकडचं. हिवाळा लागतो त्या रात्री मेलेली माणसं फिरकतात अशी तिथली जुनी समजूत. ते लोक सलगम कोरून दिवा करायचे, अमेरिकेत आल्यावर त्याजागी भोपळा आला. आपल्यातले काही जण नाक मुरडतात, म्हणतात भुताखेतांचा कसला सण! अहो, महिनाभर आधी आपणही पितरांना पान वाढून कावळ्याची वाट बघत असतो. मला त्यात परकं काहीच वाटलं नाही.

तर आता नातवाची गोष्ट. साल २०२४, गाव न्यू जर्सीतलं एडिसन, नातू अडीच वर्षांचा. त्या वर्षी अमेरिकेत लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरलाच आलं होतं. दारात भोपळा आणि त्याच्याशेजारी माझ्या पणत्या.

तिकडे सप्टेंबरातच दुकानं पोशाखांनी भरतात. लेकीनं विचारलं, “तुला काय व्हायचंय?” तो म्हणाला, “माऊ.” तिनं त्याच दिवशी माऊचा पोशाख आणला. काळा मऊ मखमलीसारखा अंगरखा, मागे शेपूट, टोपीला कान, आणि तोंडावर ओढायचा मिशांचा मुखवटा. चौथ्या दिवशी, “मी माऊ नाही.” मग भोपळा. मग आगीचा बंब. बंबवाला नाही हं, बंब! मग एक दिवस चंद्र. लेक रडकुंडीला आली. जावई म्हणाले, “आई, हा धरसोडच करतोय.” मी म्हटलं, थांबा जरा.

मध्येच एक सांगते. मी २८ वर्षं बालवाडी चालवली. दर वर्षी फॅन्सी ड्रेस ठेवायचो, आणि दर वर्षी तीन वर्षांचा एखादा शिवाजी किंवा एखादी झाशीची राणी स्टेजवर येऊन भोकाड पसरायची. ड्रेपरीवाल्याचा भाड्याचा जिरेटोप डोळ्यांवर घसरलेला, डिंकानं चिकटवलेली मिशी खाजतेय, आणि विंगेतून आई पाठ करून घेतलेली वाक्यं सांगतेय. चार वर्षांच्या आतल्या मुलांना यात नंबर काढणं बंद केलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. मी माझ्या बालवाडीत ते बंद केलंही होतं. पालक दोन वर्षं माझ्याशी नीट बोलले नाहीत. असो.

तर ३१ तारीख उजाडली. आदल्या रात्री स्वारी पुन्हा माऊवर आली होती, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पाच वाजता लेकीनं पोशाख चढवला. एरवी तिथे तेव्हा थंडी असते, पण त्या दिवशी चक्क उकाडा होता आणि त्या मखमलीत पोर घामानं निथळलं. तरी खुशीत होता. मग लेकीनं मुखवटा ओढला आणि “बघ, किती छान!” म्हणत त्याला आरशासमोर उभं केलं.

क्षणभर तो नुसता बघत राहिला. मग जी किंकाळी फोडली! दोन्ही हातांनी मुखवटा ओरबाडतोय आणि ओरडतोय, “मी कुठे गेलो? आजी, मी कुठे गेलो?”

श्रोतेहो, पुन्हा सांगते, तो “मला हे नको” म्हणत नव्हता. तो विचारत होता, “मी कुठे गेलो?”

१९६९ साली रीटा डीव्ह्रीस नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं गरीब मांजर होतं. मुलांना आधी त्याला कुरवाळू दिलं. मग त्याचं डोकं आड धरून त्याला खऱ्यासारखा दिसणारा कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचा भाग, शेपूट, सगळं मुलांसमोरच होतं. तरी तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना वाटलं, आता हा कुत्रा झाला. सहा वर्षांच्या मुलांना मात्र कळत होतं की हे मांजरच आहे.

म्हणजे बघा, आपल्या लेखी ते सोंग असतं. त्या वयात ‘माऊ हो’ म्हणजे खरोखरच माऊ हो. मग आज माऊ व्हावंसं वाटलं आणि उद्या भीती वाटली, तर पोर धरसोड कसं करतंय? उलट ते फार मोठा विचार करतंय. त्यातून ‘पाच आठवड्यांनी’ हा शब्द त्याला कळतच नाही. तुम्ही सप्टेंबरात विचारता, ते त्या क्षणाचं उत्तर देतं.

माझ्या पोटाला चिकटून तो हुंदके देत होता. खिडकीबाहेर रस्त्यावर दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी लोकांनी कचऱ्याचे डबे आणून ठेवले होते. त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाला, “आजी, कचरागाडी.” रोजचं प्रेम ते. गाडी आली की हातातला घास टाकून खिडकीशी जायचा.

गॅरेजमध्ये डायपरचं मोठं खोकं होतं. जावयांनी वरून-खालून तळ कापले, कागदी बशा डकवून चाकं केली, मागे उघडझाप करणारं झाकण ठेवलं. खांद्यावर अडकवायला पट्टा मिळेना. माझ्या बॅगेत परकराची नवी नाडी होती, ती मी ओवून दिली. वीस मिनिटांत गाडी तयार. अंगात त्याचा रोजचाच सदरा आणि चेहरा मोकळा. आरशात बघितलं, स्वतःच्या नाकाला हात लावला आणि म्हणाला, “मी आहे. मी गाडी चालवतो.”

निघालो. पण हा कुणाच्या दाराशी जाईना. रस्त्याच्या कडेला प्रत्येक डब्यापाशी थांबायचा, “बीप, बीप, बीप” करत मागे मागे यायचा आणि पाठ डब्याला टेकवायचा. पहिल्या घरातल्या म्हाताऱ्या बाई पायरीवर चॉकलेटांचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग उठून खाली आल्या आणि मागचं झाकण उचलून एक चॉकलेट आत टाकलं. याने “घर्रर्र” केलं आणि पुढच्या डब्याकडे! त्यांचं बघून पलीकडचे आले. सहा घरांची माणसं पायऱ्या उतरून फुटपाथवर आली होती.

आता कामाचं, थोडक्यात. पोशाख शेवटच्या आठवड्याआधी घेऊ नका. “काय व्हायचंय?” असं मोघम विचारू नका, समोर दोनच वस्तू ठेवा आणि एक उचलू द्या. तोंड झाकू नका. पुन्हा सांगते, तोंड झाकू नका. मुखवट्यातून पोरांना नीट दिसतही नाही. पायघोळ काही नको, अंधारात पाय अडकतो. थंडी असली तर जाकिटावरून चढेल असंच काही बघा. झुळझुळीत शेपटं आणि पणत्या जवळ येऊ देऊ नका, मी माझ्या पणत्या उचलून आत खिडकीत ठेवल्या होत्या. आणि चार वर्षांच्या आतल्या पोराला गोळा केलेल्या खाऊतल्या कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध प्यायला आला तो माऊचा अंगरखा घालून. मुखवटा त्यानं माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हा तू घाल.” मी घातला. त्यानं वाकून माझे डोळे बघितले, मुखवटा वर उचलला, परत खाली केला, परत उचलला. “आजीच आहे,” असं आईला सांगितलं आणि दूध संपवलं.