उताराआधीची दहा मिनिटं

पहाटेचे साडेपाच. खेड शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडे, धाब्यासमोरच्या मोकळ्या जागेत कोल्हापूरहून कास्टिंग भरून आलेला ट्रक उभा आहे. जायचंय चाकणला. चहा अजून उकळतोय, तोवर क्लीनर पोरगा टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरलाय.

टण्. टण्. टण्. आणि मग, ढप्प.

"मामा, मागचा आतला बसलाय!"

जोडचाकांतलं आतलं चाक पंक्चर झालं तरी पटकन दिसत नाही. बाहेरचं चाक गाडी तोलून धरतं, सगळा भार एकट्यानं ओढतं, तापतं आणि एखाद्या दुपारी फुटतं. म्हणून टायर ठोकायचा आणि ऐकायचं.

स्टेपनी चढली. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. आता ड्रायव्हर मामा त्या हवेच्या टाकीखालचा कॉक ओढतात. फुस्स... हवेबरोबर गढूळ पाणी. हवा दाबली गेली की तिच्यातला ओलावा टाकीत साठतो. काढला नाही तर तो हवेची जागा खातो, व्हॉल्व्ह गंजवतो. मग चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. मामा ब्रेकचं पेडल दाबून धरतात, नजर हवेच्या दाबाच्या काट्यावर. काटा खाली सरकत राहिला, तर कुठंतरी हवा गळतेय. आज काटा जागचा हलत नाही.

चाकाच्या नटाखाली गंजाची ओघळ दिसली, तर नट ढिला असू शकतो. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलानं झाकलेली. पोरगा ती फडक्यानं पुसतो.

कागद चोख आहेत. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. पुण्याच्या गाड्या त्यासाठी वर्षानुवर्षं दिवे घाट चढून तपासणीच्या ट्रॅकवर जात आल्यात. पण त्या दिवशी ब्रेक लागले, एवढंच तो कागद सांगतो. पासिंगपुरते उसने टायर चढवणारे महाभागही या धंद्यात आहेत. असो.

पुढे नवीन कात्रज बोगदा, आणि बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतारच उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकनं एकामागून एक कित्येक गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला गाडी इंजिन बंद करून सोडली होती, असं तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, नवी भरत नाही. स्टेअरिंगही जड होतं. आणि इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं, तरी वेग धरून ठेवायचं सगळं काम लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर, येतं. ड्रम तापतात. तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही.

बोगदा संपतो. मामा एक गिअर खाली टाकतात. इंजिन घुमतं, गाडी सावकाश उतरू लागते.

शेजारच्या लेनमधून एक कंटेनर पुढे निघून जातो. इंजिनचा आवाज नाही. नुसता टायरांचा.