कट् असा आवाज आला का?

श्रोतेहो, नमस्कार.

आज दाढीविषयी बोलायचंय. घरी बेसिनपाशी उरकतो ती नव्हे, सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून होते ती. मला विषय लिहून दिलाय ‘सलूनमधील आरोग्यदक्षता’. पण खरं सांगू का, एक गोष्ट सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतला. तेव्हा आधी गोष्ट.

साल 1998. बार्शीकडच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रावर मी नवा डॉक्टर. मंगळवारी बाजार. बाजारात चिंचेखाली अण्णांचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर एक लाकडी खुर्ची, झाडाच्या खोडाला खिळ्यावर टांगलेला आरसा, कातडी धोकटी आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. वस्तरा चामड्यावर पाजळायचे दिवस तेव्हा सरत आले होते. अण्णांकडेही ब्लेड लावायचा वस्तरा होता. तुम्ही पाहिलंच असेल, ब्लेड कागदासकट मधोमध वाकवतात, कट् असा आवाज होतो. अर्धं वस्तऱ्यात जातं, अर्धं कागदात पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतं.

तर मी त्या दिवशी अण्णांना शहाणं करायला गेलो होतो. वय अठ्ठावीस, सगळं माहीत असण्याचं वय! खुर्चीत बसलो. गालाला फेस लागला, वस्तरा कानशिलावरून खाली आला, आणि मी एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड का, यावर बोलू लागलो. मोठ्यानं बोलत होतो, बाकावरच्यांनाही ऐकू जावं म्हणून. तेवढ्यात बाकावरून तात्या म्हणाले,

“डाक्टरसाहेब, जरा थांबा. आवाज आला न्हाई.”

तात्यांची नजर काचबिंदूनं गेलेली. दर मंगळवारी नातू त्यांना बाकावर बसवून बाजार करायला जायचा.

“कसला आवाज, तात्या?”

“ब्लेड मोडल्याचा. तुमच्या आधी पाटलाची दाढी झाली, तवा आला. तुमच्या वक्ताला न्हाई आला.”

अण्णांचा हात हवेतच राहिला. म्हणाले, “तात्या, दुसरं अर्धं व्हतं की कागदात. त्येच लावलंय.”

तात्या शांतपणे म्हणाले, “मग कागुद तरी वाजाया पायजे का न्हाई?”

शेजारची कांदेवाली पदर तोंडाला लावून हसली. अण्णा काही बोलले नाहीत. वस्तरा उघडला, त्यातलं ब्लेड काढून डबीत टाकलं, नवं पाकीट घेतलं आणि तात्यांच्या कानापाशी नेऊन मोडलं. कट्! सगळा बाक हसला. मी मात्र हसलो नाही. माझा एक गाल झाला होता आणि हनुवटीजवळ रक्ताचा एक थेंब आला होता. पाटलांच्या दाढीचं ब्लेड, आणि माझं रक्त. व्याख्यान चालू असताना!

पुढे कधीतरी मी तात्यांना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तर म्हणाले, “शिकवायचं काय त्यात? तुमास्नी दिसतं, म्हणून तुम्ही बघत न्हाई.”

अण्णांनी मात्र त्या दिवसापासून रीत बदलली. नवं ब्लेड असेल तर गिऱ्हाइकासमोर मोडायचं. दुसरं अर्धं वापरायचं असेल, तर कागदाची घडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, त्यानंच उघडायची. मोडलं तर आवाज, नाहीतर हातात कागद. दोन्हीपैकी एकही नाही, तर गाल पुढे करायचा नाही. पुन्हा सांगतो, मोडल्याचा आवाज किंवा हातात कागद.

त्या रात्री मला झोप लागली, कारण हिपॅटायटिस बीची लस मी घेतली होती. 1997 मध्ये हैदराबादला आपल्या देशातली लस तयार झाली आणि किंमत आवाक्यात आली, तेव्हा लगेच टोचून घेतली होती. आता ही लस कशासाठी, तर काविळीसाठी. आपल्याकडे कावीळ म्हटली की लोक पाण्याकडे बोट दाखवतात. ए आणि ई या काविळी पाण्यातून, अन्नातून येतात हे खरं. पण बी आणि सी रक्तातून येतात. बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. सात दिवस! म्हणजे या मंगळवारचं रक्त पुढच्या मंगळवारी. एड्सला लोक सलूनमध्ये सगळ्यात जास्त भितात, पण तो विषाणू बाहेर फार टिकत नाही. दाढीच्या खुर्चीत जास्त धास्ती धरायची ती या काविळीची. बी लागल्यापासून दिसायला एक ते सहा महिने जातात. दिवाळीची दाढी आणि शिमग्याची कावीळ, कोण जोडणार त्यांचा संबंध?

आणि ओघात आलंय म्हणून, ते काविळीची माळ घालणं. माळेनं उतरते असं वाटतं ती बहुतेक वेळा आपोआप उतरणारी असते. माळ घाला हवी तर, पण रक्त तपासून घ्या. बी असेल आणि माळेवर वर्ष काढलं, तर यकृताचं काय व्हायचं ते होतं.

हे बोलतोय म्हणून नाभिक बांधवांनी रागावू नये. 1890 मध्ये मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हातातला वस्तरा कुठे चालवायचा नाही, हे ज्यांनी आपल्या पोटावर पाय देऊन ठरवलं, त्यांना मी काय शिकवणार? शिवाय पहिला धोका कारागिराला. ब्लेड मोडताना त्याचंच बोट कापतं. त्यानं लस घ्यावी. तीन टोचे, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगतो, चहाला वीस रुपये देता आणि दाढीचे दहा कमी करायला सांगता? तो नवं ब्लेड कुठून आणणार?

आता घड्याळाकडे बघून भराभर सांगतो. ब्लेड नवं असलं तरी वस्तऱ्याच्या खाचेत जुना फेस, केस, रक्त अडकतं. डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढलं, झालं, असं नाही. आधी धुवायचं, मग स्पिरिटमध्ये दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं. म्हणून वस्तरे दोन हवेत, एक हातात, एक स्पिरिटमध्ये. तुरटीनं रक्त थांबतं, विषाणू मरत नाही. सगळ्यांच्या गालावरून फिरलेली ती गुळगुळीत वडी नकोच. आपली तुरटी खिशात न्या, फारशी जड नसते. टॉवेल दुसऱ्याचा ओला असेल तर नको, दाढीतलं गजकर्ण त्यातूनही येतं. वापरलेली ब्लेडं केराच्या टोपलीत टाकू नका, झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात टाका, कचरा उचलणाऱ्याचाही हात हातच आहे. आणि मान कडकन मोडून घेणं बंद करा! मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं.

हल्ली सलूनमध्ये टीव्ही मोठ्यानं लावतात. पूर्वी रेडिओ असायचा. रेडिओवाला आहे म्हणून बोलतोय असं समजू नका, पण रेडिओ ऐकताना डोळे मोकळे राहायचे, कारागिराच्या हाताकडे असायचे. टीव्हीवर मॅच चालू असेल तर ब्लेड मोडल्याचं ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. मी सरळ आवाज कमी करायला सांगतो.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली. बाळाच्या जावळाचं राहिलंच. तिथेही तेच, मामाच्या मांडीवर बाळ असेल, रडत असेल, तरी मामानं ब्लेड मोडल्याचा आवाज ऐकायचा. नमस्कार.