ब्रिटनला जावं का, आणि गेलंच तर कुठे?

मंडळी, मला दिलेल्या विषयात दोन प्रश्न आहेत. परदेशी माणसाला ब्रिटन बघावंसं वाटतं का, आणि बघायचं तर काय बघायचं? पहिला लवकर उरकतो. कोविडच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2019 साली, बाहेरच्या देशांतून ब्रिटनमध्ये सुमारे 4 कोटी खेपा झाल्या. त्या देशाची लोकसंख्या पावणेसात कोटींच्या आसपास. तेव्हा लोकांना यावंसं वाटतं, याबद्दल वाद नको. गोम पुढे आहे. त्या 4 कोटींतल्या निम्म्याहून अधिक खेपांमध्ये लंडनचा मुक्काम होता. एका शहरात एवढी झुंबड, आणि उरलेला देश गिऱ्हाइकाची वाट बघतोय.

त्यातही शेजाऱ्यांच्या बाबतीत ब्रिटनने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ऑक्टोबर 2021 पासून, युरोपातल्या बहुतेक लोकांना नुसत्या ओळखपत्रावर येणं बंद झालं, पासपोर्ट लागू लागला. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण फ्रान्स-जर्मनीतल्या शाळांच्या सहलींचा विचार करा. वर्गातल्या बऱ्याच पोरांकडे पासपोर्टच नसतो, आणि एखादं मूल युरोपाबाहेरच्या देशाचं नागरिक असलं तर त्याचा व्हिसा वेगळा. मास्तरांनी सरळ सहल डब्लिनला वळवली. दक्षिण किनाऱ्यावरच्या ज्या गावांत ही पोरं घरोघरी राहायची, इंग्रजी शिकायची, त्या गावांना हे चांगलंच जाणवलं. शेवटी 2023 च्या अखेरीस फ्रान्सच्या शाळांपुरती सवलत द्यावी लागली. दुसरं, 1 जानेवारी 2021 पासून दुकानातून विकत घेऊन सोबत नेलेल्या मालावरचा व्हॅट परदेशी पाहुण्याला परत मिळत नाही. पॅरिसमध्ये मिळतो. मग महागडी पर्स कुठे घ्यायची, हे सांगायला नको.

ओळखपत्राची भानगड आपल्याला लागू नाही, कारण आपल्याला व्हिसा लागतोच. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कधीच नव्हतं, त्यामुळे युरोपच्या सहलीला लंडन जोडायचं तर दोन अर्ज, दोनदा बोटांचे ठसे, दोन फिया. इतकं करून आपल्या टूरमध्ये लंडनच्या वाट्याला येतात दोन दिवस. त्या दोन दिवसांत 'लंडन आय'च्या पाळण्यात बसायचं, मेणाच्या पुतळ्यांशेजारी उभं राहून फोटो काढायचे, राजवाड्याच्या फाटकाबाहेर गर्दीत टाचा उंचवायच्या आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कोहिनूर बघायचा. कोहिनूर बघताना एक गोष्ट होते. मुकुटांच्या कपाटांपुढे तुम्ही उभे राहत नाही, सरकत्या पट्ट्यावर उभे असता. पट्टा पुढे नेतो. 105 कॅरटच्या त्या हिऱ्याबद्दल मनात जे काही दाटून आलेलं असतं, ते दाटायच्या आत पुढचा मुकुट समोर येतो. मनासारखं बघायचं तर फेरा मारून पुन्हा पट्ट्यावर चढायचं. आपली सगळी लंडनवारीच मला त्या पट्ट्यावरची वाटते.

लंडन वाईट आहे असं मी म्हणत नाही. फुकटात एवढं दाखवणारं दुसरं महाग शहर मला ठाऊक नाही. डिसेंबर 2001 पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट नाही, आणि ब्रिटिश म्युझियमला तर त्याच्याही आधीपासून नाही. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये टिपूचा तो लाकडी वाघ आहे, गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलेला, पोटात ऑर्गन असलेला. वाघनखं त्याच संग्रहालयाची. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती तिथे गेली, आणि 2024 च्या जुलैत उसनवारीवर साताऱ्यात आली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा आपल्याकडे नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. आपल्याला हे ऐकायला आवडत नाही, पण सांगतात ते बरं करतात.

आणि लंडनमध्ये मराठी माणसाने खास बघाव्यात अशा दोन जागा आहेत, ज्या कुठल्या टूरच्या कागदावर मी पाहिल्या नाहीत. एक, हाउली प्लेस, घर नंबर 10. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी टिळक 1918-19 मध्ये लंडनला होते, तेव्हा तिथे राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. घर खासगी आहे, बेल वाजवू नका. दुसरी, 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. तिथून चालत प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर जा, सगळं लंडन खाली पसरलेलं दिसतं. लंडन आयचे पैसे वाचले.

आता लंडन सोडू. पण सेंट पँक्रस स्टेशनच्या दर्शनी हॉटेलकडे बघून सोडू, कारण ती लाल विटांची इमारत बांधणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला, मुंबईला एकदाही न येता. टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि तो पैसा आला कापसातून. या कापसामागे लागून मी तुम्हाला उत्तरेला नेणार आहे.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली होती. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. इकडे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने जाऊ लागला, बॅक बेच्या भरणीचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले, आणि 1865 ला लढाई संपल्यावर सगळं एका फटक्यात कोसळलं. ही आपल्या बाजूची गोष्ट आपल्याला माहीत असते. तिकडच्या बाजूला काय झालं, हे बघायचं तर मँचेस्टरला जावं लागतं. तिथे भर शहरात अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. इंग्लंडच्या गिरणीगावात अमेरिकेचा अध्यक्ष कशाला? तर कापूस नाही म्हणून लाखो कामगार उपाशी बसले असताना मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला, आणि 1863 मध्ये त्याने त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. त्या पत्रातला काही भाग चौथऱ्यावर कोरला आहे.

तिथून गाडीने बर्नली. गावाच्या कडेला क्वीन स्ट्रीट मिल आहे, 1895 ची, 1982 पर्यंत वाफेवर चाललेली. आता संग्रहालय आहे, पण वर्षातले ठरावीक दिवसच उघडतं, तेव्हा आधी चौकशी करून जा. वाफेच्या इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांतता. ज्यांच्या घरी कुणी गिरणीत होतं त्यांना सांगतो, त्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या दालनात, पाऊल टाकलं की परळ-लालबाग आठवतं. तीच करवती दातांसारखी छपराची ओळ, उत्तरेकडून येणारा उजेड, छताखालून फिरणारे दांडे, प्रत्येक साच्यापर्यंत उतरलेला चामडी पट्टा. तीनशेच्या वर साचे आहेत. दाखवायला त्यातले मोजकेच चालवतात आणि तेवढ्यानेच शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. सगळे साचे चालत तेव्हा काय होत असेल? तिथल्या बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या, आणि त्या बोलण्याला लँकेशरमध्ये 'मी-मॉ' असं नाव होतं. कित्येकींना ऐकू येणं कमी झालेलं असायचं, त्यामुळे घरीही त्या तशाच बोलायच्या.

याच पट्ट्यात डारवेन नावाचं गाव आहे. 1931 साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी तिथे गेले. खादीमुळे, बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं त्या गिरणी कामगारांकडे! आणि बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. गांधीजींच्या भोवती गिरणीतल्या बाया, तोंड भरून हसताहेत.

मँचेस्टरचे हेच कामगार रविवारी काय करत? डोंगरात जात. पण डोंगर उमरावांचे, शिकारीसाठी राखलेले, राखणदार काठी घेऊन उभे. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुण किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. 1951 मध्ये तोच भाग, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आज मँचेस्टरहून लोकल गाडीने ईडेलला उतरा आणि स्टेशनातून थेट चालायला लागा.

इथे सह्याद्रीत भटकणारी मंडळी बसली असतील. खास तुमच्यासाठी सांगतो, मला विचाराल तर ब्रिटनमधली सर्वांत मोठी प्रेक्षणीय गोष्ट म्हणजे तिथल्या पायवाटा. इंग्लंड आणि वेल्स मिळून दोन लाख किलोमीटरहून जास्त अशा वाटा आहेत, ज्यांच्यावरून चालायचा हक्क कायद्याने कुणालाही आहे. तुम्हालासुद्धा. वाट कुणाच्या शेतातून जाते, कुणाच्या परसातून जाते, पण ती अडवता येत नाही. नांगरट केली तरी वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची जबाबदारी शेतकऱ्याची. खांबावर पिवळा बाण असला तर पायी जाणाऱ्यांची वाट, निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. दगडी गडग्यावरून पलीकडे जायला पायऱ्या केलेल्या असतात, फाटकं एका वेळी एकच माणूस जाईल आणि गाय मात्र जाणार नाही अशी. स्कॉटलंडमध्ये तर 2003 च्या कायद्याने वाटेचंही बंधन ठेवलेलं नाही, जबाबदारीने वागा आणि बहुतेक सगळीकडे फिरा. आपल्याकडे गडावर जाताना कुणाच्या बांधावरून गेलो तर काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

चालायचंच आहे, तर उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीलगत चाला. इ.स. 122 मध्ये रोमन बादशहाने पूर्वेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत ही भिंत घालायला घेतली, 117 किलोमीटर. सगळी चालायची गरज नाही. उन्हाळ्यात भिंतीच्या कडेने बस जाते, तिचा नंबरच मुळी 'एडी 122'! मधल्या कड्यांवरचा टप्पा चाला आणि विंडोलँडा या रोमन ठाण्याला उतरा. तिथल्या चिखलात हवा न पोचल्यामुळे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकली, 1900 वर्षं. एका पत्रात कुणीतरी ठाण्यावरच्या माणसाला मोजे आणि दोन जोड आतले कपडे पाठवल्याचं कळवलंय. दुसऱ्यात एका अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, जरा वेड्यावाकड्या अक्षरात. मला स्टोनहेंजच्या दगडांपेक्षा या फळ्या मोठ्या वाटतात. स्टोनहेंजला एरवी दोरीच्या अलीकडूनच बघायचं, आणि तेवढं तर शेजारच्या हमरस्त्यावरून जाताना गाडीतूनही दिसतं.

वाटेत यॉर्कला थांबा, रेल्वेचं संग्रहालय फुकट आहे. डरहॅमचं कॅथीड्रलही तसंच. मोठ्या चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला पैसे घेत नाहीत, वेस्टमिन्स्टर ॲबीतसुद्धा. बसायला मिळतं आणि गाणं उत्तम असतं. एडिंबरा सुंदर आहे, पण ऑगस्टमध्ये उत्सवामुळे खोल्यांचे भाव विचारू नका. बाथ बघायचं असेल तर तिथे एवढं आठवा की आपलं व्ही.टी. बांधणारा स्टीव्हन्स जन्माने बाथचा.

पावसाची भीती सगळे घालतात. लंडनमध्ये वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. फक्त तो बारा महिने वाटून पडतो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये मात्र सीथवेटसारख्या ठिकाणी 3000 च्या वर जातो, तिथे कोकणातल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. भीती घालायचीच तर अंधाराची घाला. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. उलट जूनमध्ये एडिंबरात रात्री दहालाही उजेड असतो.

आणि जेवणाची काळजी? 1781 साली राघोबादादांचा वकील हनुमंतराव लंडनला गेला होता, सोबतीला मणियार पारशी. हनुमंतरावाच्या सोवळ्याची पंचाईत झाली. तेव्हा खासदार एडमंड बर्कने आपल्या गावच्या बागेतलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं, की आपलं आपण रांधा आणि पूजाअर्चा करा. आज कुठल्याही सुपरमार्केटात शाकाहारी पदार्थांवर बहुतेकदा तशी खूण असते, आणि छोट्या गावातही एखादं भारतीय हॉटेल सापडतं. तिथला रस्सा गोडसर असतो, एवढंच.

जायचं तर मे किंवा सप्टेंबर. लंडनला तीन रात्री, मग मँचेस्टर, हेड्रियनच्या भिंतीसाठी हेक्सम, आणि यॉर्क. रेल्वेची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, ऐनवेळी काढली तर डोळे पांढरे होतात. साठी ओलांडलेल्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, वयाच्या पुराव्याला पासपोर्ट चालतो, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ते लागू आहे, असं मला इथून दिसतंय. आता प्रश्न विचारा. व्हिसाच्या फीबद्दल मात्र विचारू नका, मी सांगेपर्यंत ती वाढलेली असेल.