जमिनीला टेकणारा कोट

नमस्कार श्रोतेहो.

थंडीची चाहूल लागली की पुण्या-मुंबईकडे श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मैदानावर मांडव पडतो, दोरी बांधून रिंग आखली जाते आणि सकाळपासून बघ्यांची गर्दी जमते. त्यात एखादा ल्हासा अप्सो रिंगमध्ये उतरतो. नाकापासून शेपटीपर्यंत सरळ भांग, दोन्ही अंगांनी जमिनीपर्यंत सोडलेले केस. मग गर्दीतून हमखास आवाज येतो, "आज सकाळीच पार्लरला नेलेला दिसतोय!" अशा वेळी मला त्या गृहस्थांना बाजूला घेऊन सांगावंसं वाटतं, काका, हा कोट, म्हणजे अंगावरचा हा केसांचा पेहराव, वाढवायला दीड-दोन वर्षं लागली आहेत, आणि त्या काळात घरातलं कुणी ना कुणी जवळजवळ रोज ब्रश घेऊन बसलेलं आहे. आज मी त्या बसण्याबद्दलच बोलणार आहे.

लांब केसांच्या जाती पुष्कळ आहेत. अफगाण हाउंड, शित्झू, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, प्रत्येकाच्या केसांची तऱ्हा निराळी. मी ल्हासाविषयी बोलते, कारण आपल्याकडच्या फ्लॅटांमध्ये तो भरपूर दिसतो आणि माझा हात त्याच्याच केसांवर बसलेला आहे.

हा कुत्रा तिबेटचा. मठांमध्ये आणि मोठ्या घरांमध्ये आतल्या बाजूची राखण करणं हे त्याचं काम. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच, तिथली हवा थंड आणि कोरडी. त्या हवेत टिकायला त्याला दुहेरी पांघरूण मिळालं. वर लांब जड केस, खाली मऊ दाट लव. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी सायडॅम कटिंग ह्या अमेरिकन प्रवाशाला ही कुत्री भेट दिली, १९३५ मध्ये अमेरिकन केनेल क्लब ह्या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं जातीला मान्यता दिली, आणि १९८४ मध्ये तर इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात सगळ्या जातींमधून पहिला आला तो एक ल्हासाच. म्हणजे आपण ज्याला घरातलं सोफ्यावरचं कुत्रं समजतो, त्याच्या कोटाकडे जगभरचे जाणकार फार बारकाईनं बघतात.

ते काय बघतात? जातीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा हे सांगणाऱ्या अधिकृत नमुन्यात, कोटाचं वर्णन आहे: लांब, जड, सरळ आणि हाताला कडक. लोकरीसारखा नको आणि रेशमासारखाही नको. इथंच पुष्कळांची गल्लत होते. आपल्याला वाटतं, केस जितके मुलायम तितके चांगले. मग भारी कंडिशनर थापले जातात, सिरम लावली जातात. केस चमकतात खरे, पण हातातून निसटायला लागतात, चालताना भुरभुरतात. परीक्षकानं मुठीत केस धरले की त्याला वजन लागायला हवं. ल्हासाचा चांगला कोट सोडला की सरळ खाली पडतो, हवेत तरंगत नाही. म्हणून काय लावायचं ह्यापेक्षा काय लावायचं नाही, हे आधी ठरवावं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गुंता का होतो? खालची लव सतत गळत असते, पण वरच्या लांब केसांमुळे ती बाहेर पडत नाही. ती तिथंच अडकते, हालचालीनं घासली जाते, ओल लागली की आवळते आणि तिची जट होते. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे केस येतात तो काळ सगळ्यात कसोटीचा. साधारण आठव्या-नवव्या महिन्याला सुरू होतो आणि काही महिने चालतो. काल रात्री विंचरलेलं कुत्रं आज सकाळी पुन्हा गुंतलेलं सापडतं. कित्येक सुंदर कोट ह्याच काळात कात्रीखाली जातात, कारण मालकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत काही नसतं. हा टप्पा असतो आणि तो सरतो. तेवढे महिने रोजचा ब्रश चुकवायचा नाही.

ब्रश कसा करायचा, ते सावकाश सांगते, कारण सगळं काम ह्यात आहे. कुत्र्याला टेबलावर कुशीवर झोपवा. उभ्या कुत्र्याला वरवर ब्रश फिरवला की कोट दिसायला छान दिसतो आणि खाली कातडीपाशी नमदा तयार होत राहतो. कुशीवर झोपवलं की सगळे केस वर, पाठीकडे उलटवून ठेवा. आता पोटाच्या कडेनं फक्त एक पातळ ओळ खाली सोडा, इतकी पातळ की मागची गुलाबी कातडी रेघेसारखी दिसली पाहिजे. त्या ओळीवर पाण्याचा हलका फवारा मारा, त्या पाण्यात नावाला कंडिशनर असू द्या. कोरड्या केसांवर ब्रश कधीही चालवायचा नाही. कोरडा केस तुटतो, आणि तुटलेला केस पुन्हा जमिनीपर्यंत यायला वर्ष घेतो. मग गोल टोकांच्या नव्हे, तर साध्या गुळगुळीत तारांचा पिन ब्रश घ्या. टोकाला गोळ्या असलेल्या ब्रशमध्ये केस अडकून तुटतात. कातडीपासून निघा आणि केसाच्या टोकाच्याही पुढे ब्रश सरळ नेऊन सोडा. शेवटी मनगट वळवलं की टोकं तुटतात. ती ओळ झाली की वरची पुढची ओळ खाली घ्या. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत यायचं, मग कूस बदलायची. शेवटी स्टीलचा कंगवा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत कुठंही न अडखळता गेला तरच ती जागा झाली म्हणायची.

जट सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कानामागे, काखेत, मागच्या मांड्यांच्या आतून, गळ्यात पट्टा असेल तर पट्ट्याखाली. पट्टा घरात काढूनच ठेवावा. कानामागची जट बोटांना आधी कळते, डोळ्यांना नंतर. सुपारीएवढी टणक गाठ लागते. ती दिसली की हात कात्रीकडे जातो, तो आवरा. तिथली कातडी पातळ आणि सैल असते, ती जटेबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. गाठीवर थोडं कंडिशनर किंवा कॉर्नफ्लोअर चोळा. एका हातानं गाठीच्या मुळाशी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी गाठ कडेकडेनं फाडत दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा बटा करा. मग कंगव्याच्या टोकाच्या दोन-तीन दातांनी बाहेरून आत या. वेळ लागतो. कुत्रं कंटाळलं तर थांबा, थोड्या वेळानं पुन्हा बसा. पण जट सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नका. पाणी लागलं की ती सुटायच्या ऐवजी आवळते आणि मग खरोखरच कापावी लागते.

प्रदर्शनात उतरणाऱ्या ल्हासाला साधारण आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी आंघोळ लागते. स्वच्छ केस कमी गुंततो. धूळ आणि तेलकटपणा हेच गुंत्याचं बीज. आपला शाम्पू त्याला चालत नाही. माणसाच्या कातडीचा कल आम्लतेकडे असतो, कुत्र्याची कातडी त्या मानानं उदासीन असते, त्यामुळे आपला शाम्पू वारंवार वापरला की तिला कोरड पडते, खाज सुटते. रिठा-शिकेकाईचा मोह आपल्या घरांत होतोच. पण रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर किती झोंबतं हे आपल्याला माहीत आहे, आणि ह्या कुत्र्याचे केस तर डोळ्यांवरच पडतात. खोबरेल तेलानं धूळ चिकटते आणि केसांच्या बटा होतात. टी ट्री ऑइल तर लावूच नका, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं.

कुत्र्यांचा शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून वरून ओता. आपण डोकं चोळतो तसं गोल चोळायचं नाही. केसांच्या दिशेनं बोटं खाली ओढत, मुठीत धरून पिळत न्यायचं. मग भरपूर पाणी. आपल्याला वाटतं निघाला शाम्पू, त्याच्यानंतरही तेवढंच पाणी घाला. कोंडा आणि चिकटपणा ह्यांचं मूळ बहुतेक वेळा अर्धवट धुण्यात असतं. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. टॉवेल दाबून धरा, पाणी शोषू द्या. त्यानंतर ड्रायर, गार किंवा अगदी कोमट हवेवर, आणि ज्या ओळीवर ब्रश चालू आहे त्याच ओळीवर. आपोआप वाळलेल्या केसाला लाट येते आणि सरळ भांगाचा कोट वाकडा दिसतो. कुत्र्याला पिंजऱ्यात बसवून समोर ड्रायर लावून निघून जाण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत धोक्याची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, बंद जागेतल्या गरम हवेनं त्याचा जीव जाऊ शकतो.

हे वाळवणं कोकणपट्टीत आणि मुंबईत आणखी महत्त्वाचं. तिबेटच्या कोरड्या थंडीसाठी झालेली ती आतली लव आपल्या पावसाळ्यात दिवसभर दमट राहते. बाहेरून कोट वाळलेला दिसतो आणि काखेत, बोटांच्या बेचक्यांत ओल तशीच असते. तिथं बुरशी धरते, कातडी लाल होते, वास येतो. पावसात फिरवून आणलं की पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, तळव्यांमधले केस आखूड ठेवा. गोचीडही ह्याच दिवसांत. ओळी पाडून ब्रश करणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी दिसते, कारण त्याची नजर रोज कातडीपर्यंत पोचलेली असते. गाठ, पुरळ, जखम, सगळं असंच लवकर लक्षात येतं. मला ह्या कामाची ओढ आहे ती बरीचशी ह्यामुळेच.

खाण्याविषयी थोडक्यात. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा बनतो. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याच्या कोटाला कुठल्याही बाटलीतून वजन येणार नाही. अंडी, मांस, मासे किंवा पूर्ण पोषण देणारा तयार आहार, काय द्यायचं ते आपल्या पशुवैद्यांशी बोलून ठरवा.

यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीज ह्यांचे केस कागदाच्या घड्यांत गुंडाळून, रबर लावून ठेवतात, शित्झूच्या कपाळावर शेंडी बांधतात. ल्हासाला रिंगमध्ये शेंडी नसते. त्याचे डोक्यावरचे केस डोळ्यांवरून तसेच खाली सोडतात. घरी मात्र जेवताना त्याच्या मिशा आणि दाढीचे केस सैलसर बांधून ठेवले तर ते अन्नानं माखत नाहीत. रबर रोज सोडायचं, नाहीतर केस तिथंच तुटतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आंघोळ. त्या रात्री नर असेल तर पोटाला पट्टी बांधा, म्हणजे लघवीनं पुढचे केस पिवळे होणार नाहीत. मैदानावर लवकर पोचा, सावली पकडा, घडीचं टेबल आणि पिण्याचं पाणी घरून न्या. आपली मैदानं धुळीची, सकाळी गवतावर दव असतं, त्यामुळे रिंगच्या दारापर्यंत कुत्र्याला उचलून नेलेलं बरं. भांग पाडायला विणकामाची सुई फार उपयोगी. नाकाच्या मुळाशी टोक ठेवून, न उचलता कण्यावरून शेपटीपर्यंत एक रेघ ओढायची आणि केस दोन्हीकडे सोडायचे. केसांना रंग लावणं, पोत बदलणारं काही लावणं नियमात बसत नाही. कॉर्नफ्लोअर वापरलं असेल तर कणनकण झटकून काढा.

रिंगमध्ये परीक्षक कुत्र्याला टेबलावर घेतात आणि बोटं सरळ केसांखाली घालतात. खांद्याचा कोन, बरगड्यांचा घेर, पाठ सपाट आहे का, मांड्यांत ताकद आहे का, हे ते हातानं वाचतात. ओठ उचलून दात बघतात. ल्हासाचे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित आत बसतात, तो दोष नाही. कोट कितीही लांब असला तरी खालचं शरीर कमकुवत असेल तर ते त्या बोटांना कळतंच. मग चालवून बघतात. त्याची चाल मोकळी, ऐटबाज हवी. केस पायांत येऊन तो अडखळत असेल तर त्या लांबीचा काही उपयोग नाही, आणि मला विचाराल तर तेवढी लांबी ठेवूही नये.

प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ, मैदानाची धूळ पूर्ण निघेपर्यंत. कुत्रं रिंगमधून निवृत्त झालं, किंवा घरात रोजचा वेळ देणारं कुणी उरलं नाही, तर खुशाल कोट आखूड करा, दोन-तीन सेंटिमीटरवर. कातडीपर्यंत मात्र तासू नका, ऊन थेट लागतं. आखूड केसांतला ल्हासा पळतो, लोळतो, समाधानी असतो.

आणि ज्यांच्या घरी नुकतंच पिल्लू आलं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. आत्ता त्याच्या अंगावर विंचरण्याजोगे केसही नसतील. तरी आज रात्री जेवणं झाली की त्याला मांडीवर कुशीवर झोपवा, मऊ ब्रश चार वेळा फिरवा, पायाची बोटं एकेक धरून सोडा, खाऊचा एक तुकडा द्या आणि उठू द्या. उद्या दुसरी कूस.

नमस्कार.