कमान उभी आहे तोवर

(दृश्य: पहाटेचा रिकामा रस्ता. सायकलचं पुढचं चाक, अगदी जवळून. मागे इशारा-दिवे लावलेली गाडी.)

या सायकलला कुठेही पोहोचायची घाई नाही. तिच्या पुढच्या चाकाच्या आसाशी एक छोटा काउंटर बसवलाय. चाक फिरतं तसे त्यावरचे आकडे पुढे सरकतात. एक आकडा म्हणजे रस्त्यावरचं दहा सेंटीमीटरपेक्षाही कमी अंतर. सायकल चालवणारे गृहस्थ एरवी दर रविवारी धावणाऱ्यांच्या एका गटाबरोबर धावतात, बहुतेक वेळा मागच्या घोळक्यात. आज ते याच गटाच्या शर्यतीचा रस्ता मोजायला निघालेत.

मनगटावरचं घड्याळ उपग्रहावरून अंतर सांगतं, मग हा खटाटोप कशाला? कारण घड्याळ अंदाज बांधतं. उंच इमारती आल्या, दाट झाडी आली की त्याने काढलेली रेघ रस्ता सोडून भिंतीतून जाते. दहा जण एकाच रस्त्यावरून धावून आले तरी दहा घड्याळं दहा आकडे दाखवतात, आणि प्रत्येकाचा विश्वास आपल्याच घड्याळावर असतो!

(दृश्य: दोघी जणी स्टीलची टेप ताणताहेत. रस्त्यावर खडूची खूण. वहीत आकडे.)

मोजणीची सुरुवात टेपने होते. सरळ, सपाट रस्त्यावर किमान ३०० मीटरचा एक पट्टा आखायचा. टेप स्टीलची, कारण कापडी टेप ताणली की वाढते. स्टीलही उन्हात किंचित लांबतं, म्हणून तापमान टिपून ठेवायचं. मग सायकल त्या पट्ट्यावरून चार वेळा न्यायची आणि ठरलेल्या अंतराला काउंटर किती पुढे जातो ते लिहायचं. त्यानंतर शर्यतीचा सगळा मार्ग मोजायचा, आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या. का? तर पहाटे चाकातली हवा गार असते. ऊन चढलं की हवेचा दाब वाढतो, चाकाचा घेर जरासा मोठा होतो आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात.

(दृश्य: वरून घेतलेलं वळण. सायकल आतल्या कडेला घासून जाते.)

आता हे वळण बघा. धावणारा माणूस वळणावर आतली बाजू धरतो, कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून सायकलनेही तेच करायचं. कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून, सगळ्यात जवळच्या वाटेने. दोन वळणांच्या मधला रस्ता तिरका कापायचा. पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हाच हे जमतं, आणि तेव्हाही मागे गाडी लागतेच.

एवढी काळजी घेऊनही हिशेबात दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर. रस्ता थोडा लांब निघाला तर लोक कुरकुरतात आणि विसरतात. आखूड निघाला तर त्यावर धावलेल्या कोणाचीच वेळ ग्राह्य धरत नाहीत.

ही पद्धत घडवली ती धावणाऱ्यांनीच. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये सायकलने मोजण्याची रीत मांडली. अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी ती हाती घेतली आणि १९६४ मध्ये रस्ते मोजण्यावर एक पुस्तिका काढली. कॉर्बिट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले होते. पोटापाण्यासाठी ते फिजिओथेरपिस्टची नोकरी करायचे. चाकावर बसणारा काउंटर १९७१ मध्ये अ‍ॅलन जोन्स यांनी बनवला, म्हणून मोजणीवाले आजही त्याला जोन्स काउंटर म्हणतात.

हा भाग आम्ही जरा लांबवलाय, मान्य. पण शर्यतीच्या चित्रणात ही सायकल कधीच दिसत नाही, आणि आपली वेळ अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी बघावी, असं आम्हाला वाटलं.

(दृश्य: अंधारात ट्रकमधून उतरणारे लोखंडी कठडे. शेवटच्या रेघेवरच्या कमानीत हवा भरली जातेय. निवेदन थांबेल. पंपाचा मूळ आवाज.)

(दृश्य: पाण्याचं टेबल. रांगेत लावलेले पेले.)

शर्यतीचा दिवस. बंदूक वाजायला अजून वेळ आहे, पण पाण्याच्या टेबलावर काम केव्हाच सुरू झालंय. पेला अर्ध्याहून कमीच भरायचा. काठोकाठ भरलेला पेला धावत्या हातात टिकत नाही, आणि निम्मं पाणी नाकात जातं. पेला देण्याचीही रीत आहे. तळहात सपाट, त्यावर पेला, हात बाजूला लांब. किंवा वरची कड दोन बोटांत हलकी धरायची, म्हणजे समोरच्याला खालून उचलता येतो. समोरून येणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची. पेला कोणासाठी पुढे केलाय ते त्यातून कळतं. नाहीतर एकाच पेल्यावर दोघांचे हात पडतात आणि पाणी तिसऱ्याच्या बुटात.

हे काका बघा. टेबलं सुरू होतात तिथेच उभे राहून ते ओरडताहेत, पुढे अजून टेबलं आहेत, पुढे या. सगळे पहिल्याच टेबलावर थांबले तर मागून येणारे त्यांच्यावर आदळतात. काकांचा आवाज दुपारपर्यंत बसतो. दर वर्षी बसतो म्हणे.

(दृश्य: शेवटचं पाण्याचं टेबल. ऊन. एक बाई चालत येते, पेला घेते, दुसरा नाकारते.)

पाणी द्यायचं, पण आग्रह करायचा नाही. हा धडा धावण्याच्या जगाने उशिरा घेतला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पूर्ण करणाऱ्या ४८८ जणांचं रक्त तपासलं. त्यातल्या १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि वाटेत इतकं पिणं झालं होतं की काहींचं वजन चक्क वाढलं होतं. चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे सगळ्यात हळू येणारे, प्रत्येक टेबलापाशी थांबणारे, ज्यांना बघून आपल्याला वाटतं की बिचाऱ्यांना आणखी एक पेला द्यावा. म्हणून शेवटच्या टेबलावर अनुभवी माणूस ठेवतात. तहान असेल तेवढंच प्या, हे तो सांगतो, आणि कोणी गोंधळलेलं, अडखळत बोलताना दिसलं तर डॉक्टरांच्या तंबूला फोन लावतो.

(दृश्य: धावणाऱ्यांचा मधला लोंढा. पाय, बिब म्हणजे छातीवरचे क्रमांक, चेहरे. मूळ आवाज.)

सगळ्यात पुढे धावणाऱ्यांचं चित्रण या लघुपटात जवळपास नाही. ते मुद्दाम. त्यांच्यासाठी कॅमेरे बरेच असतात. आम्ही मधल्या आणि मागच्या माणसांबरोबर राहिलो. यांच्यापैकी बहुतेकांना उद्या सकाळी कामावर जायचंय. महिनोन् महिने यांनी आठवड्याचे लाँग रन केलेत, तेही एकमेकांशी बोलता येईल एवढ्या सावकाश चालीने. नवशिक्याला गटात पहिल्यांदा हेच सांगतात: धावताना वाक्य पूर्ण करता आलं नाही तर वेग कमी कर.

(दृश्य: पाठीवर झेंडा लावलेली पेसर. भोवती दहा-बारा जण.)

पाठीवर झेंडा लावलेली ही मुलगी पेसर आहे. तिचं काम दोन तासांत हाफ मॅरेथॉन पूर्ण करून देण्याचं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटं ४१ सेकंद. ती एकटी असती तर याहून बरीच लवकर पोहोचली असती. आज तिला चढावर थोडं सोडून द्यायचंय, उतारावर स्वतःला आवरायचंय आणि मागे न बघता मागच्यांचा श्वास ऐकायचाय. पेसर ठरल्या वेळेच्या आधी दोन मिनिटं पोहोचली तर ती चुकलीच. तिच्या जिवावर निघालेली मंडळी तोवर वाटेत कुठेतरी गळालेली असतात.

(दृश्य: दोन धावपटू, दोघांच्या हातात एकच दोरी. वळण. पुढे कमान.)

या दोघांमध्ये एक आखूड दोरी आहे. डावीकडच्या धावपटूला दिसत नाही. उजवीकडचा गाइड. दोरी ओढायची नसते. ती फक्त जोडून ठेवते. बाकी सगळं बोलण्यावर. खड्डा, डावं वळण, गतिरोधक, पुढे पाणी. पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या नियमाप्रमाणे शेवटची रेघ धावपटूने आधी ओलांडायची, गाइडने नंतर. इथे तो नियम बघायला कोणी पंच उभा नाही. तरी शेवटच्या काही मीटरमध्ये उजवीकडच्या पायांकडे लक्ष द्या.

(निवेदन थांबेल. हे दृश्य पूर्ण जाऊ द्यावं.)

(दृश्य: स्त्रियांचा मोठा गट, हसत, फोटोसाठी हात वर करत.)

१९६७ मध्ये बोस्टनच्या रस्त्यावर कॅथरिन स्वित्झर अंगावर बिब लावून धावत होत्या, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने त्यांना धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. रस्त्यावर कोणी असावं हे तेव्हा संयोजक ठरवायचे. आजही ठरवतात, आणि आज त्याचं नाव आहे कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची ठरलेली मुदत.

(दृश्य: रस्त्यावरचे कठडे उचलले जाताहेत. वाहनं सुरू. पदपथावरून येणारे तुरळक धावपटू.)

कटऑफ असावा. पोलिसांना रस्ता मोकळा करायचा असतो, रुग्णवाहिका दिवसभर अडकून राहू शकत नाही. पण रस्ता उघडला म्हणून कमानही उतरवायची, हे कशासाठी? चार-पाच तास उन्हातून आलेला माणूस पोहोचतो तेव्हा वेळ नोंदवणारी मॅट गुंडाळलेली असते, घड्याळ ट्रकमध्ये गेलेलं असतं आणि पदकाचं खोकं बांधून झालेलं असतं, असं अनेक शर्यतींत घडतं. या गटाने ठरवलंय की रस्ता वेळेवर मोकळा करायचा, उरलेल्यांना पदपथावर घ्यायचं आणि कमान स्वीपर येईपर्यंत उभी ठेवायची.

(दृश्य: भडक रंगाचं जाकीट घातलेला स्वीपर, शेजारी चालणाऱ्या आजी.)

स्वीपर म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा स्वयंसेवक. त्याने कोणालाही मागे टाकायचं नाही. शेवटचा माणूस चालला तर चालायचं, बसला तर बसायचं. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले आणि त्यातून पुढे पार्करन हा दर आठवड्याला धावण्याचा उपक्रम उभा राहिला. तिथेही शेवटी चालणारा स्वयंसेवकच असतो, त्यामुळे भाग घेणारं कोणीही शेवटचं ठरत नाही. आमच्या चित्रणातल्या स्वीपरने आजींशी वाटभर काय गप्पा मारल्या ते माइकवर आलेलं नाही. पण दोघं हसताना बरेचदा दिसतात.

(दृश्य: कमान. आजी येतात. पाण्याच्या टेबलावरचे काका, पेसर, रस्ता मोजणारे गृहस्थ दोन्ही बाजूंना. निवेदन नाही. मूळ आवाज.)

(दृश्य: कागदी पेले गोळा करणारे हात. पोती.)

कचरा पोत्यांत गेला, काहींचे गुडघे पुढचा आठवडा दुखणार आहेत, आणि बंद रस्त्यामुळे ज्यांचा खोळंबा झाला त्यांची नाराजीही आहे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर निकालाची यादी वर सरकते.)

संध्याकाळपर्यंत निकाल लागतात. प्रत्येकाच्या नावापुढे दोन वेळा असतात. एक बंदूक वाजल्यापासूनची. दुसरी धावपटूजवळच्या चिपने मोजलेली, सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासूनची. गर्दीत मागे उभं राहिलेल्याला सुरुवातीच्या रेघेपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटं लागतात, ती या दुसऱ्या वेळेत धरत नाहीत. स्वयंसेवकांची नावं या यादीत नसतात, म्हणून या गटाने त्यांची वेगळी यादी करायला सुरुवात केलीय. त्यात कोण कुठल्या वळणावर किती वाजल्यापासून उभं होतं ते लिहिलेलं असतं.

(दृश्य: भिंतीवर लावलेला तक्ता. रिकाम्या चौकटी.)

पुढच्या शर्यतीसाठी धावपटूंची नोंदणी अजून सुरू व्हायचीय. स्वयंसेवकांची सुरू झालीय. मार्गावरच्या वळणांना माणसं हवीत. शेवटच्या पाण्याच्या टेबलाला दोघं हवेत, शक्यतो आधी काम केलेले. गाइड म्हणून धावणाऱ्यांना त्यांच्या जोडीदाराबरोबर आधी सराव करावा लागेल. रस्ता मोजायच्या पहाटे टेप धरायला एक जण कमी पडतोय. स्वीपरच्या जागेसाठी मात्र यंदा तीन नावं आलीत, त्यातलं एक आजींचं आहे.